दोन कूलर आणि पापणीचा केस

बाई, तुम्हाला मुळीच आवडणार नाही असं एक यंत्र सध्या माझ्या ताब्यात आहे. ‘हात मागे, डोळे पुढे’ हे तुम्ही आम्हा मुलींना इतक्यांदा ऐकवलंत, की शाळेच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं की आमचे हात आपोआप पाठीमागे जायचे. आणि आता पाहा, तुमच्याच विद्यार्थिनीच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा नाही, भिंग नाही. आहे ते फक्त एक बोट, आणि तेही नुसत्या नजरेला न दिसणारं. एक इवलीशी लवचीक पट्टी असते, तिच्या टोकाला खालून एक अणकुचीदार सुळका. तो जिवंत पेशीवर अलगद टेकवायचा आणि उचलायचा, टेकवायचा आणि उचलायचा, असं करत सगळ्या पेशीवरून फिरवायचा. पेशी मऊ असली तर पट्टी कमी वाकते, ताठ असली तर जास्त. पट्टीच्या पाठीवर लेझरचा किरण सोडलेला असतो. पट्टी जराशी वाकली तरी तो किरण सरकतो आणि संगणक ते टिपून घेतो. दिवे गेल्यावर आपण चाचपडत घरातल्या वस्तू ओळखतो ना, तसंच. आणि हे सगळं पाण्यात, पेशी जिवंत असताना. रंग टाकायचा नाही, वाळवायचं नाही, मारायचं नाही. एवढं मात्र तुम्हाला आवडलं असतं. शाळेत तयार काचपट्ट्यांची पेटी आली तेव्हाचा तुमचा चेहरा मला आठवतो. ‘रंगरंगोटी करून बसवलेत सारे, एकही हलत नाही,’ असं म्हणून तुम्ही ती पेटी कपाटात टाकलीत आणि आम्हाला सोनेगाव तलावाचं पाणी दाखवलंत.

मी ज्या पेशी चाचपते त्या कातडीखालच्या असतात. जखम झाली की धावून जाणाऱ्या, तुटलेलं सांधणाऱ्या. बशीत वाढवल्या की त्या लांबट होतात, पाय फुटल्यासारख्या इकडेतिकडे सरकतात. बोटानं पेशीचा नकाशा अर्धा काढला की या पेशीबाई उठून चालू लागतात आणि आम्ही मागे राहतो. जोरात टोचलं तर अंग चोरून घेतात. म्हातारी पेशी किती ताठ, आजारी पेशी किती ढिली, हे बोटाला कळतं का, ते आम्ही शोधतो. स्पर्श किती हलका हवा हे शिकवताना मला दरवेळी तुमच्या पलंगाखालची आंब्यांची अढी आठवते. आम्ही मुली अंगठ्यानं दाबून आंबा पिकला का ते बघायचो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग. ‘अंगठा नाही वं, बोटाचं पोट ठेव. आंबा सांगते मंग.’ वर्गात तुम्ही पुस्तकातल्यासारखं बोलायचात आणि घरी आल्यावर थेट मले-तुलेवर उतरायचात, त्याची आम्हाला फार गंमत वाटायची. आता मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच सांगते, बोटाचं पोट. त्यांना वाटतं यंत्राच्या माहितीपत्रकात आहे.

नागपुरात धंतोलीतलं तुमचं ते वरच्या मजल्यावरचं घर. खाली डॉक्टरांचा दवाखाना, जिन्यावर गावोगावहून आलेले रुग्ण बसलेले, आणि त्यांच्यातून वाट काढत आम्ही नववीतल्या चौघी-पाचजणी वर येतोय. मे महिना आहे, शाळा बंद आहे. शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक तुम्ही मुख्याध्यापिकाबाईंना गळ घालून सुट्टीपुरता घरी आणलाय आणि तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मानानं बसलाय, एका बाजूला लोणच्याची बरणी, दुसऱ्या बाजूला तलावाचं पाणी भरलेली बाटली. ‘यातलं कोणतं प्यायचं नाही ते समजलं ना?’ असं तुम्ही रोज विचारायचात. बाराच्या आत बघणं संपायचं, मग तुम्ही सांबारवड्या तळायला घ्यायचात. कोथिंबिरीला सांबार म्हणते म्हणून पुण्याचे लोक मला आजही हसतात. हसू देत. तसल्या वड्या त्यांना जन्मात मिळायच्या नाहीत. जेवून झालं की उन्हात घरी पाठवायचं नाही म्हणून तुम्ही आम्हाला बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवं करायचात. खिडकीत तुमचा कूलर, बरोबर खाली दवाखान्याच्या खिडकीत डॉक्टरांचा. दोन्ही सुरू झाले की आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, घूंऽऽ करत कोणी मोठा श्वास घ्यावा तसा. मी तुम्हाला विचारलं, बाई, कूलर असा काहून करते? तुम्ही डोळ्यांवरचा पदर न काढता म्हणालात, ‘दोन आहेत म्हणून. एकाचा पंखा दुसऱ्याहून थोडासा जोरात फिरून राहिला. मिळाले की आवाज मोठा, बिघडले की लहान.’ मी म्हटलं, खरंच? तुम्ही पदर काढलात आणि उठून बसलात. ‘माझ्यावर काहून विश्वास ठेवतेस? एक बंद करून पाहा.’

आपला बंद करायचा की डॉक्टरांचा, यावर आमच्यात वाद झाला. आपला बंद केला तर आपल्याला उकडणार, म्हणून बहुमतानं डॉक्टरांचा ठरला. मला खाली पिटाळण्यात आलं. डॉक्टर एका आजोबांच्या पोटावर हात ठेवून बसले होते. मी दारातून म्हटलं, ‘बाईंनी कूलर एक मिनिट बंद करायला सांगितलाय, प्रयोग आहे.’ डॉक्टरांनी वर बघितलंसुद्धा नाही. ‘बाईंचा प्रयोग आहे का? कर बाप्पा बंद. नाहीतर स्वतः खाली येतील.’ मी बटण दाबलं आणि वरून आमच्या मुलींचा गलका ऐकू आला, कारण वरचा श्वास थांबला होता आणि नुसती सरळ घरघर उरली होती. पोटावर हात असलेले आजोबा म्हणाले, ‘माह्या पोटाचा प्रयोग झाल्यावर करा म्हणा.’ त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की मोठ्या माणसांच्या जगातली गोष्ट बटण दाबून तपासता येते. असं मला आज वाटतं. तेव्हा फक्त मजा वाटली होती, खोटं कशाला बोलू.

त्याच सुट्टीत मी शोध लावला होता, आठवतं? तलावाच्या पाण्याच्या थेंबात मला एक प्राणी दिसला. काळा, वाकडा, दोन्हीकडे निमुळता, आणि बघता बघता फडफडणारा. बाकीच्या मुलींना दिसेना, म्हणून तर मी जास्तच हरखले. मी त्याचं चित्र काढलं. मैत्रिणींनी त्याला माझं नाव द्यायचं ठरवलं आणि मी मोठ्या मनानं हो म्हटलं. तुम्ही हात पुसत आलात, बघितलंत, माझं चित्र बघितलंत, पुन्हा भिंगात बघितलंत. हसला नाहीत. मला म्हणालात, ‘आता तू पाहा. आहे? पापणी बिलकूल हलवू नको. शांत आहे? आता हलव पापणी.’ मी पापणी हलवली आणि माझ्या नावाचा प्राणी जोरात फडफडला. पुन्हा हलवली, पुन्हा फडफडला. माझ्या स्वतःच्या पापणीचे केस होते ते बाई. मैत्रिणी फुटल्या, मी रडकुंडीला आले, सूक्ष्मदर्शक ढकलून उठले आणि म्हटलं, मला नाही बघायचं काही. तेव्हा तुम्ही रागावलात. त्याआधी नाही. ‘चुकलीस त्याचं काही नाही. पण उठलीस काहून? बस.’ आणि मी बसले. तुमच्या ‘बस’पुढे डॉक्टरही बसले असते. जरा वेळानं माझ्या गालावर गळून पडलेला पापणीचा एक केस तुम्ही चिमट्यानं उचललात, दात कोरायच्या काडीच्या टोकावर नखांच्या पॉलिशनं चिकटवलात आणि काडी माझ्या हातात दिलीत. ‘घे. तुझा प्राणी. आता याले कामाले लाव.’ त्या काडीनं मी थेंबातला हायड्रा नावाचा इवला पाणजीव एका कडेवरून दुसऱ्या कडेला ढकलला, त्याला इजा न होता. हात मागे ठेवायला लावणाऱ्या बाईंनी मला हात लावायचं साधन दिलं, हे त्या दिवशी माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

हे सगळं आज का उकरून काढतेय ते सांगते. माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे. बुटीबोरीची, वडील तिथल्या कापडाच्या कारखान्यात. माझ्याकडे यायच्या आधी ती दुसरीकडे होती, आणि तिथे कोणीतरी तिला चारचौघांत सांगितलं होतं की तुझे हात या कामाचे नाहीत. तेव्हापासून ती सगळंच विचारल्यासारखं बोलायची. साधं ‘पाणी संपलं’ हेसुद्धा ‘पाणी संपलं असेल का मॅडम?’ असं. बाटली हातात, उपडी. काम मात्र ती सोन्यासारखं करायची आणि केलेल्याची माफी मागायची. तर एप्रिलमध्ये एका दुपारी ही मुलगी धावत माझ्या खोलीत आली, दार न वाजवता, आणि म्हणाली, ‘मॅडम, पेशी ठोका देऊन राहिली.’ ‘असेल का’ नाही, ‘वाटतं’ नाही. सरळ, देऊन राहिली. मी जाऊन पाहिलं. सुळका पेशीवर नुसता टेकवून ठेवला होता आणि पडद्यावरची रेघ संथपणे जाड होत होती, बारीक होत होती, पुन्हा जाड. काळजाच्या पेशी ठोके देतात हे जगाला माहीत आहे. या पेशी काळजाच्या नव्हेत, यांनी असं काही करायचं कारण नाही. म्हणून मी विचारलं, बशीच्या रिकाम्या काचेवर टेकवून पाहिलंस का? पाहिलं होतं. काच एकदम शांत. मी स्वतःही आनंदले बाई, तुमच्यापासून काय लपवायचं. घरी जाताना मी रस्ता चुकले, इतकी आनंदले.

दोन आठवडे आमच्याकडे सण होता. मुलीनं घरी सांगितलं, वडिलांनी कारखान्यात पेढे वाटले, आणि पेढे घेऊन कोणीतरी विचारलं म्हणे, ‘पोरीले बाळ झालं का?’ तर वडील म्हणाले, ‘नाही गा, पोरीच्या पेशीचं हृदय चालू झालं.’ प्रबंधातलं शेवटचं प्रकरण तिनं नव्यानं लिहायला घेतलं. जूनमध्ये बाहेरगावचे परीक्षक येणार होते, त्यांच्यासमोर तिला सगळं मांडायचं होतं. ती ताठ चालू लागली. जेवताना जोक करू लागली, आणि ते वाईट होते, तरी आम्ही हसायचो. मला मात्र आतून कुठेतरी काहीतरी टोचत होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. नागपुरात जी गोष्ट नेमकी एप्रिलमध्ये सुरू होते तिच्याकडे संशयानं बघावं, एवढी अक्कल मला असायला हवी होती.

मग एका रविवारी मी मनीषनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये दुपारी पडले होते. एसी आहे माझ्याकडे, पण झोप मला कूलरच्याच आवाजात लागते, हे तुमच्या सतरंजीचे संस्कार. हॉलच्या खिडकीत माझा कूलर, लागूनच शेजाऱ्यांच्या गच्चीत त्यांचा. डोळा लागत होता आणि आवाज चढत होता, उतरत होता, घूंऽऽ. त्या गुंगीत मला तुमची खोली दिसली, तुमचा पदर दिसला, आणि माझं बोट आपोआप उशीवर त्या चढ-उताराबरोबर वरखाली होऊ लागलं. ही लय मी पाहिलेली होती. कानानं नव्हे, डोळ्यांनी. पडद्यावर. मी ताडकन उठून बसले. आमच्या यंत्राच्या खोलीच्या एका बाजूला कार्यालय, दुसऱ्या बाजूला संगणकांची खोली, दोन्हींच्या खिडक्यांत कूलर, एकाच बाहेरच्या भिंतीला टेकलेले. आमच्या खोलीतला एसी आम्ही मोजताना बंद करतो, यंत्र जड दगडाच्या फरशीवर ठेवून ती फरशी रबरी दोरांवर टांगलीय, वराती आणि ट्रक यांच्या हादऱ्यांसाठी सगळा बंदोबस्त केलाय. पण नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात कूलर ऐकूच येत नाही बाई, बंद पडला तरच येतो. आणि काच शांत का होती? कारण काचेची तपासणी ती सकाळी करायची, बशी तयार नसताना, जेव्हा कूलर सुरू झालेले नसत. पेशी दुपारी.

मला पहिल्यांदा हसू आलं. मग त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि हसू गेलं. ठोका खोटा निघणार याचं मला फार वाईट वाटलं नाही. विज्ञानात रोज काहीतरी खोटं निघतं आणि आपण चहा पिऊन पुढे जातो. मला भीती वाटत होती ती मुलगी पुन्हा विचारल्यासारखं बोलू लागेल याची. आणि कोणी सांगितलं असतं, बघ, म्हटलं होतं ना, तुझे हात या कामाचे नाहीत, तर तिनं मान डोलावली असती. त्या दुपारी तुम्ही हसला असतात तर माझं काय झालं असतं, हा विचार मी त्याआधी कधी केलाच नव्हता. मी बहुधा आज बँकेत असते. बँकेत वाईट काही नाही, पण मी मोजण्यात कच्ची आहे.

सोमवारी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर सांगायचं नाही एवढं नक्की ठरलं. पुढचा रविवार उजाडेपर्यंत मी तोंड मिटून बसले, माझ्यासाठी हे काय दिव्य आहे ते तुम्ही जाणता. रविवारी तिला जेवायला बोलावलं. सांबारवड्या केल्या, तुमच्याइतक्या खुसखुशीत नाही झाल्या, पण तिनं ताट चाटूनपुसून खाल्लं. जेवण झाल्यावर मी हॉलमध्ये सतरंजी टाकली आणि म्हटलं, पड जरा, उन्हाचं कुठे जातेस. ती संकोचून आडवी झाली. मी आरामखुर्चीत. कूलर चालू. मग मी विचारलं, ‘काय ऐकू येतंय?’ ती म्हणाली, ‘काहीच नाही मॅडम.’ मी म्हटलं, ‘नीट ऐक.’ तिनं डोळे मिटले. हळूहळू तिच्या पायाचा अंगठा हलू लागला. चढ, उतार. चढ, उतार. मग थांबला. तिनं डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावरचा रंगच उतरलेला होता. ‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘हा माझा ठोका आहे का?’ आला बाई, तो ‘का’ परत आला. मी एवढंच म्हटलं, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नको. एक बंद करून पाहा.’ ती उठली, बटण दाबलं, ऐकत उभी राहिली. शेजाऱ्यांचा कूलर सरळ एकसुरी घरघरत होता. मग तिनं सतरंजीची घडी घालायला घेतली, ओढणी शोधली, म्हणाली, ‘मी निघते मॅडम. बाबाले पेढे परत मागायला लावते आता.’ हा तिचा सगळ्यात चांगला जोक होता आणि तो तिनं रडत केला. माझ्या तोंडून शब्द निघाला, ‘बस.’ मी तो म्हटलाच नाही बाई, तुम्ही म्हटलात. तोच सूर, तोच तुटकपणा. ती मटकन बसली. मी म्हटलं, ‘चुकलीस त्याचं काही नाही, मीही चुकले. पण उठलीस कशाला?’

मग मी तिला माझ्या नावाच्या प्राण्याची गोष्ट सांगितली. पापणीच्या फडफडाटापर्यंत सांगितली आणि ती इतकी हसली की तिला उचकी लागली. तिथून पुढचं सांगायचं राहून गेलं, कारण उचकी थांबवायला पाणी आणावं लागलं आणि विषय बदलला. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

सोमवारी ती स्वतः कार्यालयात गेली, दोन्ही कूलर दुपारभर बंद ठेवा असं सांगायला. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय. मोठे बाबू म्हणाले, ‘त्या पेशीले गरम नाही होत का? आमीच काहून शिजाचं?’ ती म्हणाली, ‘पेशीले गरमच पाहिजे असते काका. तिच्यासाठी हेच बरोबर आहे.’ खरंच आहे, पेशींना आपल्या अंगाची ऊब लागते. थंड देशांत त्यांच्यासाठी बशीखाली शेगडी ठेवतात, आमच्या पेशी मे महिन्यात माहेरी आल्यासारख्या खूश असतात. बाबूंनी कपाळाला हात लावला, पण दोन्ही कूलर बंद करवले आणि गार पाण्याचा पंचा डोक्यावर घेऊन फाइली बघत बसले. आम्ही सुळका पेशीवर टेकवला. रेघ सरळ. ठोका नाही, श्वास नाही, काही नाही. कूलर लावले, ठोका आला. मग काचेवर टेकवलं, कूलर चालूच. काचही ठोके देऊ लागली. एवढं झाल्यावर कोणीही उठून गेलं असतं. ती बसून राहिली. पडद्यावर काचेची रेघ आणि पेशीची रेघ एकाखाली एक लावून बघत राहिली. खूप वेळानं म्हणाली, ‘मॅडम, काच लगेच हलते. पेशी थोडी मागून हलून राहिली.’ मी पाहिलं. खरंच होतं. कूलरनं हलवलं की काच त्याच क्षणी हलत होती आणि पेशी किंचित उशिरा, आळस देत. ती पुढे म्हणाली, ‘मंग आपणच हलवू ना. कूलर कशाला पाहिजे? आपल्याले पाहिजे तेवढंच हलवू, आणि ती किती मागे राहते ते पाहू. तिच्यात पाणी किती, रबर किती, समजेल.’ त्या वाक्यात ‘का’ नव्हता. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि मला ते तिला दाखवायचे नव्हते.

पेशीला मुद्दाम हलवून तिचा आळस मोजण्याची पद्धत जगात आधीपासून आहे बाई, तिनं अमेरिका शोधून काढली असं मी म्हणणार नाही. तिला ते आठवड्याभरात कळलं आणि वाईट वाटलं नाही. ‘म्हणजे बरोबर रस्त्यावर होतो,’ म्हणाली. शेवटचं प्रकरण तिनं तिसऱ्यांदा लिहिलं. जूनमध्ये परीक्षक आले, चष्मे पुसून बसले. तिनं पडद्यावर पहिलंच चित्र दाखवलं ते कार्यालयाच्या खिडकीतल्या कूलरचं, शेजारी पंचा घेतलेले मोठे बाबू. ‘हा माझ्या पेशीचा ठोका,’ ती म्हणाली, ‘आणि हे याच्यापायी शिजले.’ सगळे हसले. तिच्यावर नव्हे, तिच्याबरोबर, आणि सगळ्यात मोठ्यानं तीच. मागच्या रांगेत बाबू उभे राहून नमस्कार करत होते. एका परीक्षकांनी विचारलं की काचेची तपासणी सकाळी का केली, आणि ती म्हणाली, ‘चुकलं. आता दोन्ही एकाच वेळी करतो.’ एवढंच. माफी नाही, खुलासा नाही. तुम्ही तिथे हव्या होतात. मला तुमची इतकी आठवण आली की मी टाळ्या वाजवायलाच विसरले.

तुम्ही गेलात तेव्हा मी शिकायला दूर होते, आणि बातमी आली तोवर सगळं आटोपलं होतं. तुम्ही मला काय दिलंत हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे तर पत्र पाठवायची सोय नाही. धंतोलीतलं तुमचं घर पाडून तिथे चार मजली हॉस्पिटल उभं राहिलंय. मागे एका नातेवाईकाला घेऊन गेले होते, तर तुमच्या स्वयंपाकघराच्या जागी साधारण सोनोग्राफीची खोली आहे. खिडकीत कूलर नाहीत, सगळं वातानुकूलित. मी तिथे बाकावर बसून राहिले आणि नर्सनं विचारलं, तुमचा नंबर कितवा. म्हणून हे पत्र माझ्या टेबलाच्या खणात राहील, चिमट्यांच्या डब्याखाली.

राहिली कबुली. परीक्षक गेल्यावर ती मुलगी प्रयोगशाळेत आली, डोळे चोळून लाल झालेले, आणि तिच्या गालावर पापणीचा एक केस पडलेला. मी म्हटलं, हलू नको. चिमट्यानं केस उचलला, दात कोरायची काडी घेतली, नखांच्या पॉलिशनं चिकटवला आणि काडी तिला दिली. म्हटलं, ‘घे, बशीतला धूळकण सारायला कामाला लाव.’ ती काडी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होती. ‘मॅडम, तुम्हाला असं कसं सुचते?’ म्हणाली. ती आता सगळ्यांना ती काडी दाखवते, आणि ही मॅडमची युक्ती म्हणून सांगते. तुमचं नाव माझ्या जिभेच्या टोकापर्यंत येतं, बाई. अजून घेतलेलं नाही. तुम्हाला ती युक्ती कोणी शिकवली होती, ते तरी तुम्ही आम्हाला कुठे सांगितलं होतं.